पलीकडची दावण

बांडी गाय गाभडली ती सकाळी, गोठ्याच्या पत्र्यावरून धुक्याचं पाणी टपटप गळत होतं तेव्हा. थोरली गव्हाणीत चारा टाकत होती. मागे काहीतरी थपकन पडल्याचा आवाज झाला आणि तिने वळून न बघताच हातातली पाटी खाली ठेवली. हा आवाज या हिवाळ्यात तिच्या कानाला पाठ झाला होता.

"ताई, हिनेपण टाकलं," धाकटी पलीकडून म्हणाली.

दोघी जावा. थोरली लग्न होऊन आली तेव्हापासून मालकाच्या गोठ्यावर राबत होती, धाकटी अलीकडेच तिच्या जोडीला आली होती. थोरलीचा नवरा मालकाचाच टेम्पो चालवायचा, दुधाचे कॅन शहरातल्या डेअरीवर पोचवायचा. धाकटीचा नवरा दूर बंदरावर हमाली करायचा आणि घरी यायचा ते पाहुण्यासारखा. घरात आणखी एक सासू. तिला आता बसून बोलण्याएवढंच काम उरलं होतं, आणि ते ती नेटाने करायची.

वासरू दिवस भरलेलं नव्हतं. अंगावर केसांची नुसती लव, डोळे मिटलेले, जिभेचं टोक बाहेर. थोरलीने ते गोणपाटावर ओढून घेतलं. बांडी मान वळवून त्याला हुंगायला धडपडत होती. ना तिने चारा सोडला होता, ना अंग तापलं होतं. कास भरलेली, कातडी तुकतुकीत. तिच्याकडे बघून कोणी म्हणालं नसतं की हिला काही झालंय.

"जार अडकलाय," थोरली म्हणाली. "तू लांब हो. पोट घेऊन वाकू नकोस उगाच."

धाकटीला दिवस गेले होते. ती बाजूला झाली खरी, पण गाईची शेपटी धरायला कोणीतरी हवंच होतं. ती शेपटी धरून उभी राहिली.

थोरलीने बाही खांद्यापर्यंत सारली, हाताला तेल चोपडलं आणि कोपराच्या वर आत घातला. बाहेर एवढा गारठा होता की आतली ऊब बरी वाटली. थंडीने तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, त्या आत चुरचुरल्या. जार, म्हणजे गाईची वार, एकेका गाठीपासून सोडवावा लागतो, ओढून चालत नाही. हा जार चिवट झाला होता, जुन्या चपलेच्या कातड्यासारखा, आणि त्याला दर्प येत होता. शेवटची गाठ सुटली तशी घाण पाण्याची चूळ तिच्या तोंडावर उडाली. तिने दंडाने तोंड पुसलं.

मालक दाराशी आला. उंबऱ्याबाहेरच थांबला, नाकाला रुमाल लावून.

"काय होतं?"

"कालवड होती. मालक, पलीकडच्या दावणीतली एकही गाय यंदा धड व्यालेली नाही. सगळ्यांना झालंय तरी काय?"

"थंडी बाधते गुरांना. ते उकिरड्यावर टाका आणि गोठा धुऊन काढा."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरचं मी बघतो. तू तुझं बघ."

पलीकडची दावण म्हणजे गोठ्याची उत्तरेकडची रांग. पावसाळा सरताना गुरांचा डॉक्टर येऊन सगळ्या गाईंचं रक्त काढून घेऊन गेला. त्यानंतर काही गाईंच्या कानाला खाच पाडली आणि त्या वेगळ्या बांधायला सांगितल्या. "या जास्त दुधाच्या," मालक तेव्हा म्हणाला होता. "यांची निगा नीट राखा." आणि का कोण जाणे, तेव्हापासून त्याचा हात सैल झाला होता. रोजच्या मजुरीवर पलीकडच्या दावणीचं तांब्याभर दूध घरी न्या म्हणाला. इतकी वर्षं ज्याने वाटीभर दूध कोणाला दिलं नव्हतं, त्याला हे कसं सुचलं म्हणून दोघी हसल्या होत्या. धाकटी तर ते तिथेच प्यायची, धार काढल्या काढल्या, फेसासकट. थोरलीच तांब्या तिच्या हातात द्यायची. "पी. धारोष्ण आहे. पोरगं गुटगुटीत होईल."

*

बांडीचा जार काढल्याला पंधरवडा उलटला असेल नसेल, थोरलीच्या अंगात कणकण भरली. सकाळी उठायची ती ठणठणीत. दुपार कलली की हुडहुडी भरायची, हाडं ठणकायची, आणि मग असा घाम फुटायचा की अंथरूण पिळून काढावं. पाणउताऱ्याची गोष्ट म्हणजे त्या घामाला गोठ्यातल्या ओल्या गवताचा वास यायचा. नवरा पाठ फिरवून झोपायचा. आठ दिवस ताप राहायचा, मग आपसूक उतरायचा. बरं वाटलं म्हणेपर्यंत पुन्हा हजर.

कंबर धरली. उजव्या खुब्यातून अशी कळ यायची की धार काढायला उकिडवं बसलं की उठताना गाईच्या पायाला धरावं लागायचं.

"सकाळी बरी असतेस आणि काम दुपारचं असलं की आजारी," मालक म्हणाला. "हा कसला ताप, घड्याळ बघून येणारा?"

मजूर हसले. थोरलीने खाली मान घालून शेणाची पाटी उचलली. खुब्यात कळ आली, पाटी कलंडली, शेण तिच्याच पायावर पडलं. पुन्हा हसले.

घरी सासू म्हणाली, "आमच्या वेळी तापाला वेळ नव्हता बाई."

नवऱ्याने गोळ्या आणून दिल्या. गोळीने ताप उतरायचा आणि गोळीचा अंमल संपला की परत यायचा, जसा काही पडवीत बसून वाट बघत होता.

मग धाकटीचं पोट दुखायला लागलं.

ती गोठ्यातच होती, पलीकडच्या दावणीत, चाऱ्याच्या भाऱ्याशी. एकदम खाली बसली. "ताई," एवढंच म्हणाली. थोरलीने तिला आडोशाला नेलं. टेम्पो शहराला गेलेला. मालकाची गाडी अंगणात उभी होती, पण ती धुवायला काढली आहे असं आतून सांगण्यात आलं. दवाखान्यात न्यायच्या आधी, चाऱ्याच्या गंजीमागे, थोरलीच्या हातात ते बाळ आलं. मुलगी होती. तळहातावर मावेल एवढी. तिच्या अंगावरही केसांची नुसती लव होती.

कितीतरी वासरं याच हातांनी थोरलीने गोणपाटावर घेतली होती. या वेळी गोणपाट घ्यायला तिचा हात धजला नाही. तिने डोक्याचं फडकं सोडलं.

सासू धाकटीच्या उशाशी बसून म्हणत राहिली, "पाऊल जपून टाकायचं. सांगत होते मी. हल्लीच्या मुलींना काही धरबंध नाही." धाकटी भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती कोणाशी बोलेना. बंदरावरून नवऱ्याचा फोन आला, तोही तिने घेतला नाही. तिसऱ्या दिवशी तिलाही दुपारी थंडी वाजायला लागली.

तेव्हा मात्र थोरली उठली. "चल," म्हणाली. "तुला आणि मला एकच ताप आहे. एका गोठ्यातल्या दोन गाई एकाच वेळी गाभडल्या तर मी म्हणते ना की काहीतरी आहे. मग आपल्याला का नाही म्हणायचं?"

*

सरकारी दवाखान्यातली डॉक्टरबाई तरुण होती, सर्दीने नाक लाल झालेली. तिने आधी जीभ बघितली, पोट चाचपलं, मग विचारलं, "काम काय करता?"

आजवर गोळी देणाऱ्या कोणी हे विचारलं नव्हतं.

"गोठ्यावर."

"गाई गाभडतात का तिकडे?"

थोरली तिच्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला कसं कळलं?"

डॉक्टरबाईने दोघींचं रक्त घेतलं. निकाल यायला वेळ लागला. आला तेव्हा तिने दोघींना समोर बसवलं आणि दार लोटून घेतलं.

"याचं नाव ब्रुसेला. जंतू आहे, डोळ्यांना न दिसणारा. गाईत असतो, शेळीत असतो. गाईला काही करत नाही, ती खाते-पिते, धडधाकट दिसते. पण गाभण राहिली की तिच्या वारेत त्याला हवं ते खायला मिळतं. तिथे तो असा फोफावतो की विचारू नका. गाय गाभ टाकते आणि जारातून, पाण्यातून कोट्यवधी जंतू बाहेर पडतात. हाताला बारीकशी चीर असली तरी त्याला पुरते. डोळ्यांत थेंब गेला तरी पुरतो. कच्च्या दुधातूनही जातो."

"आणि माणसात गेला की?"

"आपल्या रक्तात राखणदार पेशी असतात. जंतू दिसला की त्याला गिळतात. हा गिळला जातो पण मरत नाही. त्यांच्याच पोटात बसून वाढतो. म्हणून ताप जातो आणि येतो. हाडांत, सांध्यांत शिरतो."

धाकटीने कित्येक दिवसांनी तोंड उघडलं. "आणि बाळात?"

डॉक्टरबाईने नाक पुसलं. "बाळापर्यंत पोचू शकतो. तुझं बाळ त्यानेच गेलं असं मी शपथेवर नाही सांगू शकत. पण तुझ्या रक्तात तो आहे, आणि त्याने असं होतं."

औषधं दोन होती, दीड महिना न चुकता घ्यायची. मधे बरं वाटलं म्हणून सोडायची नाहीत. हातमोजे घातल्याशिवाय जाराला हात नाही. दूध उकळूनच. टाकलेला गाभ चुना घालून खोल पुरायचा. ओल्या थंडीत, सावलीत हा जंतू महिनोन् महिने तग धरतो.

"उकिरड्यावर टाकतो आम्ही," थोरली म्हणाली. "कुत्री ओढून नेतात."

"मालकाला सांगा, गुरांच्या डॉक्टरकडून गाईंचं रक्त तपासून घ्या म्हणावं."

रक्त तर पावसाळा सरतानाच तपासून झालं होतं. खाचा त्यानंतर पाडल्या होत्या.

*

गुरांचा डॉक्टर तिला रस्त्यात भेटला, मोटारसायकलवर. तिने हँडल धरलं.

"पलीकडच्या दावणीच्या गाईंना काय आहे?"

त्याने इकडेतिकडे बघितलं. "मालकांना विचारा."

"मालकांना ठाऊक आहे?"

"मी सांगितलंय त्यांना. तेव्हाच सांगितलंय. कालवडींना लहानपणी लस टोचून घ्या, हेही मागे कितीदा सांगितलं."

"आणि आम्हाला?"

"मजुरांना सांगायचं काम मालकांचं. मी मालकांचा माणूस, तुमचा नाही."

"जारात हात कोणाचा जातो डॉक्टर? मालकांचा?"

त्याने किक मारली. तिचा हात हँडलवरून घसरला.

त्या संध्याकाळी नवरा जेवायला बसला तेव्हा तिने सगळं सांगितलं. तो जेवता जेवता म्हणाला, "मालक मुद्दाम कशाला करतील? त्यांच्याही घरात तेच दूध..." आणि घास हातात धरून थांबला.

"काय?"

"काही नाही."

"अहो, काय?"

"मालकांच्या घरी मी येताना शहरातून पिशवीचं दूध आणतो. रोज. पावसाळ्यापासून." त्याने घास ताटात ठेवला. "सूनबाई गरोदर आहेत ना. त्यांना गोठ्याकडे फिरकायचीही बंदी आहे. मला वाटलं, मोठ्या लोकांचे चोचले."

सासूची जपाची बोटं थांबली. चुलीवर दूध तापत होतं ते उतू गेलं तरी कोणी उठलं नाही.

थोरलीच्या आत काय पेटलं ते तिलाही धड सांगता आलं नसतं. जाराचं पाणी तोंडावर उडालं ते चालेल. लोक हसले तेही चालेल. पण आपल्या सुनेला पिशवीचं दूध पाजणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या सुनेला तांब्या भरून दिला होता, आणि वर सैल हाताचा म्हणून मिरवला होता. तो तांब्या थोरलीनेच धाकटीच्या ओठांशी नेला होता. तिचे स्वतःचे हात त्याने वापरून घेतले होते.

*

सकाळी ती मालकाच्या अंगणात गेली. तो व्हरांड्यात दात घासत होता.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"खाचा कशाच्या ते."

तो निवांत चूळ भरून थुंकला. "बोंब मारू नकोस. जनावराला शंभर रोग असतात. गोठ्यावर काम करायचं तर एवढं होणारच. त्यात तुझी जाऊ नाजूक, त्याला मी काय करू?"

"हातमोजे द्यायचे होते. एक शब्द सांगायचा होता. 'दूध उकळून प्या' एवढे तीन शब्द, मालक!"

"सांगितलं असतं तर तुम्ही हात लावला असता गाईला?"

हे त्याने अगदी सरळपणे विचारलं. त्याच्या दृष्टीने तो हिशेब चोख होता.

"आणि ऐक," तो म्हणाला, "तुझी कटकट मिटतेच आहे. पलीकडची दावण मी बाजारात काढतोय. आठवड्यात एक खाचेची गाय दिसणार नाही. मग तर झालं?"

*

बाजाराच्या दिवशी टेम्पोत गाई चढवल्या त्या तिच्या नवऱ्यानेच. थोरली त्याला काही म्हणाली नाही. आदल्या दिवशी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. "टेम्पो सोडला तर खायचं काय?" तो म्हणाला होता, आणि तेही खोटं नव्हतं. ती धाकटीला घेऊन पायी निघाली. खुबा दुखत होता, मधे मधे धाकटी तिला धरत होती.

गुरांचा बाजार उघड्या माळावर. धूळ, हंबरणं, दलालांची गडबड. मालकाच्या गाई एका रांगेत खुंट्यांना बांधल्या होत्या, शिंगांना तेल लावून चकचकीत केलेल्या. बांडी पहिलीच. मालक सावलीत खुर्ची टाकून बसला होता. गिऱ्हाइकांशी त्याचा दलाल बोलत होता.

"कान बघा, खाच आहे. जातिवंत मालाची खूण!" दलाल ओरडत होता.

थोरली जाऊन बांडीच्या डोक्याशी उभी राहिली. बांडीने तिला ओळखलं, तिचा हात चाटायला मान पुढे केली.

एक गिऱ्हाईक बांडीचे सड दाबून बघायला वाकलं.

"दादा," थोरली म्हणाली, "ही गाय गाभ टाकते. रांगेतल्या सगळ्या टाकतात. रक्तात रोग आहे, माणसाला लागतो. मला लागलाय."

तो सरळ उभा राहिला.

"अहो, काढून टाकलेली बाई आहे," दलाल हसत म्हणाला. "राग काढतेय."

"काढून टाकलेली नाही. काल याच गाईची धार काढली मी."

दलालाने तिचा दंड धरून तिला बाजूला ओढलं. ती पुन्हा येऊन उभी राहिली. त्याने ढकललं, ती गुडघ्यांवर पडली, धूळ तोंडात गेली. उठली. पुन्हा तिथेच. दुसरं गिऱ्हाईक आलं, तिने तेच शब्द पुन्हा सांगितले. कोणी ऐकून निघून जायचं, कोणी तिला वेड्यात काढायचं. मालक खुर्चीवरून उठून जवळ आला आणि दात आवळून म्हणाला, "नवऱ्याचा टेम्पो गेला समज."

नवरा चार पावलांवर उभा होता. त्याने ते ऐकलं.

तेवढ्यात एक म्हातारा आला, मागे त्याची सून. तिचं पोट चांगलं पुढे आलेलं. म्हाताऱ्याला बांडी बघताक्षणी आवडली. "कास बघ," तो सुनेला म्हणत होता. "घरचं दूध होईल तुला. नुसतं धारोष्ण पीत जा." ती मुलगी हसली आणि तिने बांडीच्या पाठीवरून, मग शेपटीखालून हात फिरवला. गाय शांत आहे का बघत होती.

"बाबा, घेऊ नका," थोरली म्हणाली.

"पुन्हा सुरू झाली!" दलाल ओरडला. "बाबा, हिच्याकडे लक्ष देऊ नका. भाव कमी करून देतो."

भाव कमी म्हटल्यावर म्हातारा थबकला. बोटांवर हिशेब करायला लागला. थोरलीचा आवाज बसला होता, तिच्याने आता बोलवेना.

तेव्हा धाकटी पुढे झाली. जिने इतक्या दिवसांत घरातही चार शब्द काढले नव्हते, ती त्या मुलीसमोर जाऊन उभी राहिली.

"कितवा चाललाय?"

"सातवा लागलाय," मुलगी म्हणाली.

"माझा पाचवा होता. मी या गाईचं दूध प्यायले. हिची शेपटी धरून उभी राहिले, जार काढताना. मुलगी होती. चाऱ्याच्या गंजीमागे झाली. ताईच्या हातात मेली." तिने बोट वर केलं आणि मालकाकडे दाखवलं. "त्याला ठाऊक होतं. त्याची सून पिशवीचं दूध पिते."

तिने आवाज चढवला नव्हता. पण आजूबाजूची बोलणी थांबली. पलीकडे बांधलेल्या शेळ्यांच्या मालकिणीने गुपचूप आपल्या शेळ्यांचे दोर सोडले आणि त्यांना लांब नेलं. मग बैलवाल्याने आपली जोडी हलवली. बघता बघता त्या रांगेभोवती माळ मोकळा झाला.

"खोटं आहे!" मालक म्हणाला. "साफ खोटं! विचारा माझ्या ड्रायव्हरला!"

सगळ्यांनी थोरलीच्या नवऱ्याकडे बघितलं. त्याने घसा खाकरला. थोरली त्याच्याकडे बघत नव्हती. तिला भीती होती की बघितलं तर तो खोटं बोलेल.

"मीच आणतो," तो म्हणाला. "रोज दोन पिशव्या."

म्हाताऱ्याने सुनेला दंडाला धरून मागे ओढलं. कोणीतरी बाजाराच्या कचेरीकडे पळालं. नवऱ्याने खिशातून टेम्पोची किल्ली काढली आणि मालकापुढे धरली. मालक घेईना, तेव्हा त्याने ती खुर्चीवर ठेवली.

"उद्यापासून गोठ्यावर दिसाल तर तंगडं मोडीन!" मालक किंचाळला.

"नाही दिसणार," थोरली घोगऱ्या आवाजात म्हणाली. "या रांगेतल्या तांबडीचे दिवस भरत आलेत. तिचा जार अडकेल. तेल कोनाड्यात आहे, मालक. बाही खांद्यापर्यंत सारा आणि घाला हात."

तो काहीतरी ओरडत होता, पण धाकटी तिकडे बघतच नव्हती. तिचं लक्ष त्या गरोदर मुलीकडे होतं. गाईला लावलेला हात मुलीने अंगापासून लांब धरला होता, त्याचं काय करावं ते न कळून.

"इकडे ये," धाकटी म्हणाली आणि तिला हौदाशेजारच्या नळावर घेऊन गेली. चहावाल्याकडून साबणाचा तुकडा मागून आणला. "तोंडाला लावलास का हात?"

"नाही."

"बरं केलंस. कोपरापर्यंत चोळ. नखांत पण."

मुलीच्या हातून साबण निसटून चिखलात पडला. धाकटीने तो उचलून धुतला. मग तिचा हात आपल्या हातात घेऊन तिनेच चोळला, एकेक बोट, बोटांच्या बेचक्या, मनगट. उलटा करून उजेडात धरून बघितला, कुठे चीर तर नाही ना. नव्हती. तरी तिने नळ सोडला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.